हँडल लांब, की सुनंदा आखूड?

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, गंगापूर रोडवर आमच्या सायकलचे हँडल डावीकडे वळले. पुढचे चाक सरळ गेले. सायकलवर मी होतो.

जखमी एक. साक्षीदार आठ, त्यांपैकी सात सायकलवर. नुकसान: कोथिंबिरीच्या अकरा जुड्या.

हे का घडले, याबद्दल घरात तीन मते आहेत. त्यांतले माझे मत सध्या विचारात घेतले जात नाही. म्हणून फक्त घटनाक्रम देतो.

सायकल माझी नव्हती. मुळात ती माझ्या बायकोचीही नव्हती. सुनंदाचा धाकटा भाऊ शेखर नोकरीसाठी बंगळुरूला गेला, आईलाही सोबत घेऊन गेला, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये आई आणि सायकल दोघींना जागा होईना. सायकल आमच्याकडे आली. (आई तिकडे राहिल्या.) ही साधी सायकल नव्हे, रोड बाईक! बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, आणि बसणाऱ्याने पुढे ओणवे होऊन ते हँडल गाठायचे. निरोप देताना शेखर म्हणाला होता, "ताई, तू आणि मी सेम उंचीचे. काही हलवू नकोस. नुसती बस आणि मार पेडल."

सुनंदा शाळेत भूगोल शिकवते. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच. तिने बसून पेडल मारायला सुरुवात केली आणि आमच्या भागातल्या सायकल ग्रुपमध्ये दाखल झाली. हा ग्रुप दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी नाशिकहून विंचूरला जातो आणि परत येतो. जवळपास शंभर किलोमीटर. सुनंदाने सप्टेंबरातच नाव दिले.

नोव्हेंबरात निफाडपर्यंतची सराव फेरी झाली. सुनंदा निफाडला पोचली सायकलवर आणि परत आली ग्रुपच्या टेम्पोत, केळ्यांच्या क्रेटशेजारी बसून. दार मी उघडले. तिला बोटाने बेल दाबता येईना. तिने ती कोपराने दाबली होती.

"अहो, बोटं बघा जरा."

"काय झालं बोटांना?"

"आहेत का तेवढं बघा. मला जाणवत नाहीयेत."

बोटे दहा होती. तसे मी सांगितले. पण मान वळत नव्हती, खांदे कानांना चिकटले होते आणि तळहातांत मुंग्या होत्या. ती चहा पीत असताना फोन वाजला. ग्रुपवर कुलकर्णी मॅडमनी लिहिले होते, 'सुनंदा, मनाला लावून घेऊ नकोस हं. वयोमानाने होतं असं.'

कुलकर्णी मॅडम सुनंदापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या आहेत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. उभ्या राहिल्या तर सुनंदाच्या कानाला लागतात. त्यांनी विंचूर तीनदा केले आहे.

सुनंदाने संदेश दोनदा वाचला. कप खाली ठेवला.

"विंचूरला मी जाणार. आणि परत येणार. सायकलवर."

त्या क्षणापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

"हँडल लांब आहे," ती म्हणाली.

"शेखरला लांब नव्हतं."

"मग मी आखूड आहे."

"तू आखूड कशी असशील? तुम्ही दोघं सारखे."

मी वृत्तपत्रात डेस्कवर काम करतो. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय खरी धरायची नाही, ही सवय. शेखरला फोन केला. "पाच-सहा, दाजी. दोघंही पाच-सहा!" मग नात्यातल्या एका लग्नाचा अल्बम काढला. एका फोटोत भाऊ-बहीण खांद्याला खांदा लावून उभे आहेत. दोघांच्या डोळ्यांवर मोजपट्टी ठेवली. रेघ आडवी आली, तसूभरही तिरकी नाही. दोन्ही ठिकाणी एकच उत्तर. सायकल बरोबर होती, सुनंदा बरोबर होती. म्हणजे चूक बसण्याच्या पद्धतीत होती.

"कोपर वाकव," मी सांगितले.

"वाकवलं की मी खाली जाते. खाली गेले की मान वर करावी लागते. मान वर केली की रस्ता दिसतो, पण मान जाते. रस्ता सांभाळू की मान?"

"रस्ता."

"मान माझी आहे!"

मी इंटरनेटकडे वळलो. तिथे एक जुनी युक्ती सापडली. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचे, हात हँडलच्या दिशेने सरळ धरायचा. बोटांची टोके हँडलजवळ पोचली तर अंतर ठीक. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये जाऊन मी ही चाचणी तीनदा घेतली. तिन्ही वेळा बोटे हँडलला लागली. संध्याकाळी सुनंदा शाळेतून येताच निष्कर्ष कळवला.

"चाचणी झाली. अंतर बरोबर आहे. कोपर सीटला लावलं, बोटं थेट हँडलला!"

"कोपर कुणाचं?"

मी शर्टाची बाही खाली ओढली.

"अहो, मी शाळेत होते. कोपर कुणाचं लावलंत?"

(कोपर माझे होते. माझी उंची पाच फूट साडेआठ आहे.)

त्यानंतर मी सीटकडे लक्ष वळवले. हँडल जवळ येत नसेल तर सुनंदाला हँडलजवळ न्यावे, असा सरळ विचार होता. सीट दोन बोटे पुढे सरकवली. सुनंदा सोमेश्वरपर्यंत जाऊन आली.

"कसं वाटलं?"

"हँडल जवळ आलं."

"बघ!"

"मुंग्या वाढल्या. आणि आता गुडघे पण दुखतात."

"गुडघ्यांचा काय संबंध?"

"ते तुम्ही सांगा. सीट तुम्ही सरकवलीत."

शेखरला फोन केला. तो ओरडलाच. "दाजी, सीटला हात लावू नका! सीट पायांच्या हिशोबाने असते. पुढे सारली की सगळं वजन हातांवर येतं. पुढचं अंतर कमी करायचं तर स्टेम बदलायचा, स्टेम!" स्टेम म्हणजे पुढच्या उभ्या दांड्याला आणि हँडलला जोडणारा आडवा तुकडा. तो आखूड घातला की हँडल बसणाऱ्याकडे येते. शेखरचा स्टेम एकशेदहा मिलिमीटरचा होता.

"पण ताईला आखूड कशाला लागेल?" शेखरच विचारत होता. "आम्ही सेम उंचीचे."

"तेच मला कळत नाहीये."

"मला पण नाही कळत. मला तर मस्त बसायची."

एवढ्यावर आमचे एकमत झाले आणि फोन ठेवला.

मी स्टेम मागवला. पार्सल आले, पण त्याच्या तोंडात हँडल शिरेना. दोन्हींची जाडी वेगळी. दुसरा मागवला. तो मागवताना एक निर्णय घेतला: आखूड चांगला असेल, तर सर्वांत आखूड सर्वांत चांगला. यादीतला सर्वांत छोटा साठ मिलिमीटरचा होता.

शनिवारी दुपारी, अपघाताच्या आदल्या दिवशी, मी तो बसवायला घेतला. व्हिडिओ कॉलवर शेखर. बोल्ट एकूण सात.

"पुढचे चार हँडलचे. झाले? आता डोक्यावरचा एक. हलक्या हाताने. आता चाकाच्या वर उभे राहा, हँडल आणि चाक एका रेषेत आणा. आलं? आता बाजूचे दोन. दाजी, हे दोन महत्त्वाचे. सगळा खेळ या दोघांवर."

याच वेळी ऑफिसातून फोन आला. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा फोटो होता. तो उभा लावायचा की आडवा, असा प्रश्न होता. मी 'उभा' म्हणालो. डेस्कवरचा सहकारी म्हणाला, आडवा लावला तर चार कॉलम भरतात. मी म्हणालो, आडवा लावला तर चिमण्या बुटक्या होतील. वीस मिनिटे चर्चा झाली. (फोटो आडवा लागला.) मी सायकलकडे परत आलो तेव्हा शेखरचा कॉल कट झालेला होता आणि हँडल चाकाच्या अगदी रेषेत, शिस्तीत उभे होते. काम झालेले दिसत होते. मी अवजारे डब्यात भरली.

सात बोल्टांपैकी पाच आवळलेले होते.

रविवारी सकाळी सुनंदा हेल्मेट घालून निघाली होती. मीच तिला थांबवले. "आधी मी ट्रायल घेतो," म्हणालो. या पूर्ण प्रकरणात मी घेतलेला हा एकमेव बरोबर निर्णय.

घरापासून चारशे मीटरवर गंगापूर रोडला एक गतिरोधक आहे. तो चुकवण्यासाठी मी हँडल डावीकडे वळवले. पुढचे पहिल्या परिच्छेदात आले आहे. चाकाने गतिरोधक सरळ ओलांडला, रस्त्याची कड ओलांडली आणि भाजीच्या बारदानावर जाऊन ते थांबले. मी त्यानंतर थांबलो.

भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या होत्या.

"आवं, ब्रेक नाय का त्याला?"

"ब्रेक आहे. हँडल नाही."

"हँडल तं हातात हाय तुमच्या!"

हे खरे होते. दोन्ही हातांनी मी ते घट्ट धरले होते.

"हातात आहे, पण चाक ऐकत नाही."

"मंग कशाला बसायचं माणसानं? उठा आता. कोथमिरीवर बसलाय तुम्ही. सकाळी आणलीया, लय कवळी हाय ती!"

मी उठत होतो तेव्हा पिवळ्या जर्सीतले सात सायकलस्वार शेजारी येऊन थांबले. सुनंदाचाच ग्रुप. सर्वांत पुढे कुलकर्णी मॅडम. त्यांनी गॉगल वर केला, सायकल पाहिली, मग मला पाहिले.

"अगं बाई, ही सुनंदाची ना? सायकलला काही झालं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. सुनंदाला सांगा, टेन्शन नको घेऊस. विंचूरला टेम्पो आहेच."

त्या गेल्या. माझे उजवे कोपर सोलवटले होते. (चाचणीला वापरलेले तेच.) चिरडलेल्या जुड्या मावशींनी माझ्या हातात दिल्या. "न्या आता. वड्या करा," म्हणाल्या. मी एका हातात कोथिंबीर आणि एका हातात सायकल अशा अवस्थेत घरी आलो. सायकल सरळ चालत नव्हती. हँडल घराकडे धरले की चाक गोदावरीकडे जात होते.

सुनंदाने दार उघडले. आधी कोपर धुतले, औषध लावले. मग बोलली.

"ट्रायलला गेला होतात. कोथिंबीर घेऊन आलात."

"बाजूचे दोन बोल्ट..."

"त्या सायकलवर मी बसणार होते."

ती कोथिंबीर घेऊन आत गेली. बोलली असती तर बरे वाटले असते. संध्याकाळी वड्या झाल्या. ताट पुढे ठेवताना तिने निर्णय जाहीर केला. "सायकलला हात लावायचा नाही. माझ्या अंगाला मोजायचा टेप लावायचा नाही. दोन आठवडे राहिलेत. उद्या सायकल पवनकडे टाका आणि तिथून बाजूला व्हा."

सोमवारी सकाळी सायकल रिक्षात घालून सिडकोत पवनच्या दुकानात नेली. पवन मेकॅनिक आहे, वयाने तिशीतला. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली.

"हा स्टेम कुणी बसवला?"

मी दुकानातले टायर पाहत होतो.

"बाजूचे बोल्ट तर लावलेच नाहीत! आणि साठचा? साहेब, यावर ताई बसल्या असत्या ना, तर नुसत्या शिंकल्या असत्या तरी सायकल वळली असती. मूळचा कितीचा होता?"

"एकशेदहा."

"त्यांना तो लांब पडतो. साठ फारच आखूड. मधले सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर. कुठला टाकू?"

"योग्य तो."

"योग्य तो कुठला ते ताईंना सायकलवर बसवून सांगतो. पण मी आज दुपारी नांदगावला निघतोय, बहिणीचं लग्न आहे. येणार ते ताईंच्या राइडच्या आदल्या दिवशी. आणि हे स्टेम माझ्याकडे नाहीत, पुण्याहून मागवावे लागतात. आज रात्री आठपर्यंत नंबर सांगा, फोनवर ऑर्डर टाकतो. त्यांचा माल पंधरवड्यातून एकदाच निघतो, उद्या टाकली तर वेळेत येणार नाही."

"पण नंबर काढायचा कसा?"

"फरक सांगा ना. ज्यांची सायकल होती त्यांच्यात आणि ताईंच्यात फरक काय?"

"काहीच फरक नाही. दोघांची उंची सारखी."

पवनने हातातला पाना खाली ठेवला. "मग त्यांना लांब का पडतंय?"

हाच प्रश्न मला महिनाभर पडला होता. आता तो तिसऱ्या माणसालाही पडला.

मी दुकानाबाहेर उभा राहिलो. सुनंदा वर्गात होती, फोन बंद. टेपला बंदी होती. पण सुनंदाची मापे नाशिक शहरात आणखी एका ठिकाणी आहेत, हे मला तेव्हा आठवले. पंचवटीत कारंजाजवळ बापूंचे लेडीज टेलरिंगचे दुकान आहे. बापू मूळचे सटाण्याकडचे; त्यांच्या अहिराणीत 'आहे'चे 'शे' होते आणि 'आहेत'चे 'शेत'. बारा वर्षे सुनंदाचे कपडे तेच शिवतात. मी रिक्षाने थेट तिथे गेलो.

"बापू, सुनंदाची मापं हवी होती."

बापूंनी मशीन थांबवले. चष्म्यावरून पाहिले. दुकानात दोन बायका बसल्या होत्या, त्यांनीही पाहिले.

"मापं वहीत शेत," बापू म्हणाले. "पण ती तुम्हाला नही."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"म्हणून तर नही. बाईचं माप बाईला. नवऱ्याला नही, सासूला नही, बहिणीला नही. चाळीस वर्षांचा नियम शे."

"ब्लाऊजसाठी नको, सायकलसाठी हवंय!"

दोघींपैकी एकीने तोंडाला पदर लावला.

"सायकलला ब्लाऊज?" बापूंनी विचारले.

मी सगळे सांगितले. स्टेम, सीट, कोपर, कोथिंबीर. बापू शांतपणे ऐकत होते. दोन्ही बायका त्याहून शांतपणे ऐकत होत्या. मी 'भाऊ आणि बहीण अगदी सारख्या उंचीचे' म्हणालो तेव्हा बापूंनी हात वर केला.

"थांबा. उभे सारखे ना?"

"हो. फोटोत पट्टी लावून बघितलंय."

"आणि सायकल उभ्यानं चालवतात का?"

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो.

"माप सांगणार नही. पण एवढं सांगतो, ताईंचा ड्रेस शिवताना सलवार लांब जाते आणि कुर्त्याचं कापड उरतं. दरवेळी उरतं. पाय लांब, धड आखूड. सायकलवर पाय खाली आणि धड पुढे! दोघा बहीण-भावाला बसवा. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. मग मोजा." आणि मशीन सुरू करताना म्हणाले, "वही उघडायची गरजच नही."

संध्याकाळी सहा वाजता बंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शेखर आणि सासूबाई, इकडे सुनंदा. मी स्वयंपाकघराच्या दारात, हात मागे बांधून. सुनंदा हॉलमध्ये भिंतीला टेकून मांडी घालून बसली. डोक्यावर आडवी पट्टी स्वतःच धरली आणि शाळेतल्या खडूने स्वतःच खूण केली. तिकडे शेखर बसला. खूण सासूबाई करणार होत्या.

"आई, पेन्सिल नको! भिंत भाड्याची आहे."

"मग कशानं करू? कुंकवानं?"

"बोट ठेव नुसतं, आणि हलू नकोस."

सासूबाईंनी बोट ठेवले. शेखर उठला, टेप लावला. एकोणनव्वद सेंटिमीटर. इकडे सुनंदाने टेप लावला. त्र्याऐंशी. तिने पुन्हा लावला. त्र्याऐंशीच.

"सहाचा फरक!" शेखर ओरडला. "ताई, तू बसलीस की बुटकी!"

"यात मोजायचं काय होतं एवढं?" सासूबाईंचे बोट अजून भिंतीवरच होते. "लहानपणी पंगतीला बसली की हिची हनुवटी ताटाला टेकायची. मी दोन पाट द्यायचे हिला, एकावर एक."

"मला वाटायचं ताई मोठी म्हणून तिला दोन!" शेखर म्हणाला. "मी त्यावरून रडायचो."

"आई," सुनंदा म्हणाली, "महिनाभर आमचं हे चाललंय. तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सायकलचं बोलत होता. पाटाचं कुणी विचारलं मला? जावईबापूंनी विचारलं?"

जावईबापूंनी विचारले नव्हते. सासूबाईंना फोन करण्याचे माझ्या डोक्यात आले नव्हते, कारण त्यांना सायकल चालवता येत नाही.

साडेसात वाजता पवनला फोन केला. मागे दुसऱ्याच कुणाच्या वरातीचा डीजे वाजत होता. मी गणित करून ठेवले होते: एकशेदहातून साठ वजा.

"पन्नासचा मागव!" मी ओरडून सांगितले.

"काय?"

"पन्नास! धडात सहा सेंटिमीटरचा फरक निघाला!"

"साहेब, धड सहानं आखूड म्हणून स्टेम सहानं नाही कापत! माणूस सायकलवर ताठ बसतो का? वाकून बसतो. निम्मं धरा. ऐंशीचा मागवतो, थोडा वर चढलेला. आणि सीट मी मागे नेणार, आधी होती तिथं. ती कुणी पुढे सारली होती?"

"आवाज येत नाहीये," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

राइडच्या आदल्या दिवशी दुपारी पवन मांडवातून थेट दुकानात आला. हातावरची हळद गेली नव्हती. त्याने स्टेम बसवला, सातही बोल्ट आवळले, पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही बाजूंना जोर लावून पाहिले. सुनंदाला सायकलवर बसवले, मागचे चाक स्टँडवर.

"मारा पेडल. हं. ताई, आता हँडलवरची बोटं हलवून दाखवा. पेटी वाजवल्यासारखी."

सुनंदाने बोटे हलवली. दहाही हलली. कोपरे आपोआप वाकलेली होती, खांदे खाली होते, मान मोकळी. ती बराच वेळ पेटी वाजवत राहिली.

"अहो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हँडल आलं हो!"

पवनने जादा म्हणून एक छोटी चावी दिली, रस्त्यात बोल्ट ढिले झाले तर लागेल म्हणून. मी हात पुढे केला. त्याने ती सुनंदाच्या हातात ठेवली.

रविवारी पहाटे साडेपाचला बाराजण निघाले. सगळ्यांची पिवळी जर्सी, हेल्मेट, गॉगल, थंडीसाठी नाकापर्यंत ओढलेले कापड. मला टेम्पोत जागा मिळाली, केळ्यांच्या क्रेटशेजारी. निफाडला सुनंदा टेम्पोच्या बाजूने गेली, पण टेम्पोकडे पाहिले नाही. मीच हात केला. तो तिने पाहिला नसावा, किंवा पाहिला असावा. नऊ वाजता माझ्या फोनवर संदेश आला: 'विंचूर. बोटं दहा.' दोन्ही हातांनी टाइप केलेला होता, कारण शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी ती नाशिकला परत पोचली. सायकलवर. कुलकर्णी मॅडम तिच्या अकरा मिनिटे आधी पोचल्या होत्या आणि पाणी पीत उभ्या होत्या.

"सुनंदा! अगं, काय केलंस काय तू पंधरा दिवसांत?"

"काही नाही मॅडम. खाली बसले."

मॅडमना ते कळले नाही. सुनंदाने समजावून सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसला गेलो. ग्रुपने विंचूरला काढलेला फोटो स्थानिक पानासाठी आला होता. एका कट्ट्यासमोर बाराजण जमिनीवर ओळीने मांडी घालून बसलेले, सर्व पिवळ्या जर्सीत, हेल्मेट आणि गॉगलसह. फोटोओळ मी लिहायला घेतली. बायको ओळखायला अडचण आली नाही. ती उंच आहे. ओळीतल्या बायकांत सर्वांत उंच डोके शोधले आणि लिहिले: 'विंचूर फेरी प्रथमच पूर्ण करणाऱ्या सुनंदा आहेर (डावीकडून दुसऱ्या)'. तिच्या पलीकडे, ओळीत जवळपास बुडालेले एक हेल्मेट होते. त्याला मी 'अनुभवी सायकलपटू कुलकर्णी' म्हटले.

सोमवारी सकाळी सात वाजता कुलकर्णी मॅडमचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मी प्रथमच?"

मंगळवारच्या अंकात पान पाचवर, तळाशी, तीन ओळींचे शुद्धिपत्र प्रसिद्ध झाले. मजकूर सुनंदाने लिहून दिला होता.